रिकामी ओळ

आमचे हे कॉम्प्युटरमध्ये आहेत, असं लग्न ठरताना काकूने सांगितलं तेव्हा माझे आजोबा म्हणाले होते, "मग बाहेर कधी येणार?" सगळे हसले, हेही हसले. संसार सुरू झाल्यावर मला कळलं की आजोबांचा प्रश्न अगदी रास्त होता. हे घरी आले तरी घरी आलेले नसायचे. चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "अगं, सापडलं." काय सापडलं ते विचारायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. विचारलं तर ते सांगतात, आणि सांगायला लागले की कप माझ्याच हातात येतो.

माणूस नाकासमोर चालणारा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या वन्संनी, भावंडांच्या वाटणीत यांना जुना पंखा दिला, तर यांनी तो पुसून, तेल घालून आनंदाने लावला. माझी चिडचिड झाली, यांची नाही. अशा माणसाच्या हातून कोणाचं वाईट व्हायचंच असेल, तर ते असंच व्हायचं होतं, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एका ओळीत.

हे जिथे काम करायचे ती आधी एक छोटी तपासणीची लॅब होती. एक खोली, एक फ्रिज, एक काउंटर, काउंटरवर एक कॉम्प्युटर. लॅब ज्यांची त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. त्यांनी यांना नोंदणीचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. पेशंट आला की त्याचं नाव, वय, पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचं. माहिती डेटाबेसमध्ये नव्या ओळीत जाऊन बसते आणि त्या ओळीला डेटाबेस आपणहून एक नंबर देतो. तो नंबर लगेच लागतो, कारण पेशंटचं रक्त काढलं, तपासायला गाठीचा तुकडा काढला, की त्याची नोंद त्याच नंबराखाली करायची आणि त्याच नंबराचं लेबल बाटलीवर चिकटवायचं.

हे सगळं मी इतकं घडाघडा सांगते आहे याचं कारण मागच्या वर्षभरात ते माझं पाठ झालं आहे. इच्छा नसताना झालं आहे.

तर डेटाबेसने नंबर कोणता दिला, हे प्रोग्रॅमला कसं कळणार? यांनी सोपा मार्ग काढला. ओळ टाकून झाली की प्रोग्रॅम विचारायचा, "या तक्त्यातला सगळ्यात मोठा नंबर कोणता?" नवी ओळ शेवटी बसते, म्हणजे सगळ्यात मोठा नंबर आपलाच. मी मटार सोलत असताना यांनी मला हे समजावलं होतं. बँकेत टोकन मिळाल्यावर हातातलं टोकन बघायचं सोडून शिपायाला विचारायचं, की शेवटचं टोकन कितवं दिलंत. बँकेत आपण एकटेच असू तर उत्तर बरोबरच येणार. पण आपण तोंड उघडेपर्यंत मागच्याने टोकन घेतलेलं असलं, तर त्याचा नंबर आपला समजून आपण खुर्चीत जाऊन बसणार.

मी म्हटलं, "इतकं शेंबड्या पोरालाही कळेल."

"तेव्हा बँकेत एकच माणूस होता गं," हे म्हणाले.

खरंच होता. एक काउंटर, एक ताई, एका वेळी एक पेशंट. पुढे लॅबचं हॉस्पिटल झालं. जिना आला, लिफ्ट आली, काचेचा दरवाजा आला, काउंटर तीन झाले. प्रोग्रॅम तोच राहिला. दरम्यान हे शहाणे झाले होते. ज्या जोडणीवरून ओळ टाकली तिच्यावरच लगेच विचारलं, की तू मला आत्ता कोणता नंबर दिलास, तर डेटाबेस इमानदारीत आपलाच नंबर सांगतो, मध्ये कितीही जण घुसले तरी, म्हणजे हातातलं टोकन बघितल्यासारखंच. यांनी नंतर औषधांचं लिहिलं, खोल्यांचं लिहिलं, सगळीकडे असंच विचारलं. नोंदणीचं जुनं पान मात्र राहून गेलं. मोठ्या डॉक्टरांचा दंडकच होता, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

आणि ते चालत होतं, यातच सगळा घात होता. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला गर्दी उसळायची. तिन्ही काउंटरवर बटणं दाबली जायची, आणि कधीतरी दोन बटणं एकाच क्षणी. मग दोन पेशंटच्या बाटल्यांवर एकाच पेशंटचं लेबल लागायचं. लेबलवर नाव असायचं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि रांग डोक्यावर आल्यावर ते वाचायला फुरसत कोणाला. एकाच्या नावावर दोन बाटल्या, दुसऱ्याच्या नावापुढे काहीच नाही. काउंटरवरच्या तायांनी अशा पेशंटला नावसुद्धा ठेवलं होतं, "रिकामा". आज एक रिकामा आला, असं त्या एकमेकींना सांगायच्या, आणि त्या माणसाला म्हणायच्या, "तुमचं रक्त गोठलं हो, पुन्हा द्यावं लागेल." माणूस कुरकुरत बाही वर करायचा. रक्त काय, पुन्हा काढता येतं. असं करत करत वर्षं गेली.

त्यातल्या एका ताईने यांना एकदा सांगितलंही होतं. हे तिच्या काउंटरवर जाऊन बसले. अबक, कखग अशी खोटी नावं टाकून बघितली, एकापाठोपाठ एक. सगळी बरोबर आली. येणारच. हे पुन्हा बँकेत एकटे होते. "माझ्याकडे तर चालतंय," असं म्हणून हे उठून आले.

दोन वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापिकाबाईंचं स्तनाचं ऑपरेशन आमच्या हॉस्पिटलात झालं. गाठीच्या तुकड्यात कॅन्सर निघाला म्हणून एक बाजू पूर्ण काढली. पुढे कितीतरी महिन्यांनी बाईंनी आपली फाइल मागवली आणि मुलांचे पेपर तपासावेत तशी ती वाचली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, दोन तुकडे तपासले, एक निरोगी, दुसऱ्यात कॅन्सर. बाई डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडून तुकडा एकच घेतला होता. दुसरा कोणाचा?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. काढलेला भाग पुन्हा तपासला. रोगाचा मागमूस नव्हता. एका धडधाकट बाईचं अंग कापून टाकलं होतं.

यांना वर बोलावलं. यांनी त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. बाईंच्या ओळीखाली दोन तुकडे लागलेले. तिच्या बरोबर वरची ओळ दुसऱ्या एका बाईची. नाव, वय, पत्ता, आणि पुढे रिकामं. दोन्ही ओळींची वेळ एकच, सेकंदासकट. हे म्हणतात, मला पुढचं काही वाचावंच लागलं नाही.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत वकीलही येऊन बसले होते. यांनी काय झालं ते सांगितलं. आपण लिहिलेल्या ओळीमुळे झालं, हेही सांगितलं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"एका ओळीचं काम आहे."

"मग करा आणि विषय संपवा. बाईंचं आम्ही बघतो."

"साहेब, त्या वरच्या ओळीतल्या बाईंचं काय? कॅन्सर त्यांना आहे. त्यांना माहीत नाही."

वकिलांनी विचारलं, "त्यांची काही तक्रार आली आहे का?"

"नाही."

"मग आपल्याकडे तक्रार एकच आहे," वकील म्हणाले. "नसलेली तक्रार आपण होऊन ओढवून घेऊ नका."

हे खाली आले. ती एक ओळ बदलली. इतकी वर्षं राहिलेलं काम जेवणाच्या सुट्टीआधी झालं. मग यांनी असल्या सगळ्या रिकाम्या ओळी शोधून काढल्या. पुष्कळ होत्या, पण बाकी सगळ्यांनी पुन्हा रक्त दिलेलं होतं. गाठीचा तुकडा एकीचाच होता. यांनी तिच्या ओळीतला फोन नंबर फिरवला.

शेजारच्या काउंटरवरचा फोन वाजला. ताईने उचलला आणि म्हणाली, "नमस्कार, तपासणी विभाग."

यांना आधी वाटलं, चुकून दुसरा नंबर लागला. पुन्हा लावला. पुन्हा तोच फोन वाजला, पुन्हा ताईच म्हणाली, नमस्कार. मग हे फोन कानाला तसाच धरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

ताई म्हणाली, "अहो, फोन नंबर टाकल्याशिवाय तुमचं ते पान पुढेच जात नाही. ज्यांच्याकडे फोन नसतो त्यांना आम्ही आपलाच टाकतो." फोन नंबर सक्तीचा यांनीच केला होता, पेशंटला बातमी लवकर कळावी म्हणून.

बाईचं नाव ऐकल्यावर ताईला ती आठवलीही. कपडे दुरुस्त करणारी बाई होती. रिपोर्ट न्यायला आली तेव्हा ताईच्या गणवेशाचा खिसा उसवलेला होता, तो तिने पिशवीतून सुई काढून उभ्या उभ्या शिवून दिला होता. रिपोर्ट स्क्रीनवर दिसत नव्हता. ती पुन्हा एकदा येऊन गेली, तेव्हाही दिसत नव्हता. "मग मी म्हटलं, काळजी करू नका, काही वाईट असतं तर फोन आला असता," एवढं सांगून ताई रडायला लागली. ती भोळी आहे, मला माहीत आहे, पण तिच्या रडण्याचं यांच्याकडून ऐकताना मला तिचा भयंकर राग आला होता. यांचाही आला. मोठ्या डॉक्टरांचा तर इतका आला, की त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसून चारचौघांत तोंड सोडावंसं वाटत होतं.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा काय म्हटलं असेन? "जाऊ नका. नोकरी जाईल." आमच्या मुलीचं कॉलेज होतं, सासूबाईंची औषधं होती. कोणतीही बायको हेच म्हणाली असती.

हे म्हणाले, "जाणार तर आहे. पण तू बरोबर येशील का? मी परका पुरुष, दारात उभा राहून त्या बाईंना असलं काय विचारू?"

मी चपला घातल्या.

पत्ता होता, बाजारामागे, चावीवाल्याच्या वर. बाजारामागे गेलो तर चावीवाला दुकान सोडून गेलेला. विचारावं त्याला तो उलट्या दिशेला हात दाखवायचा. दोन संध्याकाळी अशाच फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी मला एका पहिल्या मजल्याच्या खिडकीत पुठ्ठा दिसला, "कपडे लहान-मोठे करून मिळतील". खाली मोबाइलचं दुकान होतं, पण त्याच्या शटरवर रंगवलेली चावी अजून पुसली नव्हती.

वर एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध टेबल, टेबलावर नवरा इस्त्री करत उभा. मागे पडदा, पडद्याआड भांडी आणि गॅस. बाई माझ्याहून लहान, हसऱ्या चेहऱ्याची. दोऱ्याचं टोक दातात धरूनच म्हणाली, "या ना. काय लहान करायचंय?"

मी म्हटलं, "आम्ही हॉस्पिटलातून आलो आहोत."

तिचा चेहरा उजळला. नवऱ्याला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? तिथली माणसं चांगली आहेत. आपल्याकडे फोन नाही तर घरी आली चौकशीला." तिने स्टुलावरचे कपडे उचलून मला जागा केली. उचलताना डावा हात पोटाशीच धरला होता. मी बघते आहे हे पाहून म्हणाली, "हा वर होत नाही हल्ली. दिवसभर मशीन, दुसरं काय. काखेत जरा सूज आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग यांनी सांगितलं. बसले नाहीत, उभ्यानेच सांगितलं. तुकडा तुमचा होता, लेबल दुसरीचं लागलं, त्यात कॅन्सर होता, ते लेबल लागलं ते मी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे. बँक नाही, टोकन नाही, कसलाही आडपडदा न ठेवता. एवढं सरळ बोललेलं मी यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाईने हातातले कपडे मशीनवर ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे माझं ऑपरेशन त्या दुसऱ्या बाईंवर झालं?"

"हो."

"अरे देवा. बिचारी."

नवऱ्याने इस्त्री उचललीच नव्हती. कापड करपल्याचा वास आला तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली आणि बटण बंद केलं. शर्टाच्या पाठीवर डाग पडला होता. तो डाग अंगठ्याने घासत त्याने यांना विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"या आठवड्यात."

"आणि चूक कधी केलीत?"

"फार वर्षांपूर्वी. तेव्हा ती चूक नव्हती." मग हे थांबले आणि म्हणाले, "नाही. तेव्हाही होती."

"ही रोज अंघोळ करून आली की म्हणायची, गाठ वाढल्यासारखी वाटते," नवरा म्हणाला. "मी म्हणायचो, जाऊ परत दाखवायला. तर ही म्हणायची, कशाला, काही असतं तर फोन आला असता. रोज हेच. मग मीही म्हणायला लागलो." त्याचा आवाज चढला. "मीही म्हणायला लागलो, कळतंय का तुम्हाला?"

हे खाली मान घालून उभे होते. मला वाटलं तो आता यांच्या अंगावर धावून जाणार, आणि खरं सांगते, मी मध्ये पडले नसते. पण त्याने बायकोच्या चपला शोधल्या, तिच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाला, "माफी नंतर मागा. आत्ता चला आणि हिला डॉक्टरसमोर बसवा."

आम्ही चौघं निघालो. हॉस्पिटलात यांनी काउंटरवरच्या ताईला उठवलं आणि स्वतः बसून नोंद केली. लेबल छापून आल्यावर मोठ्याने नाव वाचलं, मग बाईला वाचायला दिलं, मग तिच्या नवऱ्याला. मागची रांग ओरडत होती, यांनी ढुंकून बघितलं नाही. मोठ्या डॉक्टरांना हे कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी यांच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. पण ते सगळे प्रोग्रॅम दुसऱ्या कोणालाच येत नसल्यामुळे, नवा माणूस मिळेपर्यंत यावं, असंही त्याच पत्रात होतं. मी ते वाचून हसले आणि मग रडले. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र यांनी जाऊन सांगितलं, की तो दुसरा तुकडा कोणाचा होता. बाईंनी एवढंच विचारलं, "तिला कळवलंत?" हो म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तपासण्या आठवडाभर चालल्या. छातीच्या, पोटाच्या, हाडांच्या. मी रोज तिच्याबरोबर बसायचे. ती वाट बघता बघता पिशवीतून कोणाचा तरी झगा काढून त्याची खालची शिलाई घालायची, उजव्या हाताने, डाव्याने नुसता दाबून धरून. मला म्हणायची, "वहिनी, तुम्ही घरी जा हो, तुमची कामं खोळंबतील." मला तिच्याशी नीट बोलताही यायचं नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटचा रिपोर्ट यायचा त्या दिवशी हे सकाळपासून काउंटरमागे होते. रिपोर्ट आधी यांच्याच स्क्रीनवर आला. हे नुसते उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. मला तेवढ्याने कळलं.

बाई आणि नवरा वर डॉक्टरांकडे जाऊन आले. रोग हाडांत गेला होता, यकृतात गेला होता. आता ऑपरेशन करून उपयोग नव्हता, दुखणं कमी राहील एवढं बघायचं होतं. वर्षभरापूर्वी आला असतात तर, असं डॉक्टर बोलायला लागले होते म्हणे, आणि मग त्यांनी कागद पुढे सरकवला. खाली आल्यावर नवरा काचेच्या दरवाज्याकडे निघाला. बाई त्याच्यामागून गेली नाही. ती काउंटरशी आली आणि कागद यांच्यासमोर ठेवला.

"भाऊ, तुम्ही मला खरं सांगितलं होतंत, म्हणून तुम्हालाच विचारते," ती म्हणाली. "हा माझाच आहे ना? मागच्या वेळी झालं तसं, चुकून दुसऱ्या कोणाचा तर नाही?"

ताईचे हात थांबले. बाई यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत अजून आशा होती. यांनी, फक्त यांनी, चूक झाली आहे असं म्हणावं, एवढीच वाट ती बघत होती.

यांनी तिची ओळ उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली. तिचं नाव, त्याच्याखाली तिच्या तपासण्या, प्रत्येकीपुढे एकच नमुना, एकच रिपोर्ट. कुठे काही रिकामं नव्हतं, कुठे काही दोनदा नव्हतं.

"नाही, ताई," हे म्हणाले. "या वेळी बरोबर आहे. तुमचाच आहे."

तिने स्क्रीनवरचं आपलं नाव वाचलं, सावकाश, पूर्ण. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि नवरा उभा होता तिकडे गेली.